सुट्टे

दर पंधरवड्याला, रात्री दहा ते बारा,
पाण्याच्या रेषेखालच्या मजल्यावर
माझी खिडकी उघडते.
मी ल्येर्का. गाव रियेका. काम पगारवाटपाचं.
वर कुठेतरी बँड चालू असतो,
इथवर फक्त ढोल पोचतात,
सूर वरच्या वरच संपतात.

चेहरे मला नीट आठवत नाहीत, आकडे आठवतात.
तीनशे वीस म्हणजे धुलाईतला बोनिफासियो,
बोटांच्या पेरांना कायमची खळ.
चारशे दहा, वर बक्षिशी, म्हणजे बालीचा क्तुत,
तो टॉवेलचे हत्ती करतो, माकडं करतो, हंस करतो.
हत्तीला प्रवासी दोन-तीन डॉलर जास्त ठेवतात म्हणे,
हंसाला छदाम नाही.
"हंस काय, सगळेच करतात, मॅडम."
नोमालांगा गाते, रांगेत सगळ्यांत जास्त घेते,
आणि आठव्या दिवशी उसने मागत फिरते.

जेवताना प्रवासी विचारतात, काटा हवेत धरून,
तुम्हाला मिळतं तरी किती?
वेटर हसतो.
त्या हसण्याची माझ्या पत्रकात वेगळी ओळ नाही.
गणवेशाच्या अनामतीची आहे,
वैद्यकीय तपासणीची आहे,
इंटरनेटच्या मिनिटांची आहे.
रविवारची नाही, कारण रविवार नाही.

एवेलियो भांडी घासतो. राउतान बेटावरचा,
पुंता गोर्दाचा.
तीनशे पाच. सगळे एकेकच्या नोटांत द्या, म्हणतो.
मला वाटलं, जुगार. खालच्या मजल्यावर चालतो तो,
कुणी कुणाचं नाव सांगत नाही.
पण सकाळी सहाला हा पुन्हा खिडकीशी,
तोच गठ्ठा, रबर लावलेला.
दोनशे नव्वद बहिणीला पाठवा,
पंधरा पाठवणावळ.
हातात उरलं काय? साबणाचा वास.

मग एवढ्या नोटा कशाला रे, मोजून माझी बोटं गेली!

तो म्हणाला, बंकवर पसरतो रात्री.
रोजचे अकरा तास, दिवस पंधरा,
भागाकार केला मी, मॅडम,
एक नोट म्हणजे बत्तीस मिनिटं.
मग एकेक उचलायची आणि आठवायचं
ही कुठली बत्तीस मिनिटं.
ही त्या तांब्याच्या पातेल्याची, तळाला साखर जळलेली.
ही नासाऊच्या अलीकडची, जहाज कललं आणि
एकशे चाळीस बशा एकदम गेल्या.
ही पहाटेची, मी एकटाच होतो, नळ बंद केला
आणि पहिल्यांदा समुद्राचा आवाज आला.
बऱ्याचशा आठवतच नाहीत.
त्या तशाच पाठवतो.

त्या रात्री मीही माझा भागाकार केला.
आठ मिनिटं. माझा डॉलर आठ मिनिटांचा.
पगार माझा परस्पर बँकेत जातो,
पसरायला काही नाही.
आणि आठ मिनिटांत आठवावं असं
या टेबलाशी घडतंही काय?

आता त्याच्यासाठी मी जुन्या नोटा बाजूला काढते,
मऊ, कान मोडलेल्या.
कोऱ्या एकमेकींना चिकटतात, मोजणी चुकते.
असं करावं असं नियमात कुठे लिहिलेलं नाही,
करू नये असंही नाही.

परवा मात्र तीनशे चारच भरल्या.
त्याने खिसे उलटे केले, बूट काढून झटकले,
बंकखाली टॉर्च मारून आला.
मी पर्समधून एक काढून गठ्ठ्यावर ठेवली,
माझी आठ मिनिटं त्याच्या बत्तिसांच्या जागी,
आणि यंत्राने काही कुरकुर न करता पावती दिली.

तो पावती घेऊन उभाच.
पैशांचं नाही हो, म्हणाला,
हरवली ती कुठली होती, तेवढं कळायला हवं होतं.

मागून क्तुत ओरडला, सरक ना बाबा,
कोसुमेल आलं.